पाय वाचायला शिका: कोकण किनाऱ्यावर रिंग लावलेले पाणपक्षी कसे शोधायचे आणि त्यांचा माग कसा काढायचा

खाडी समुद्राला मिळते तिथल्या वाळूच्या दांड्यावर भरतीच्या वेळी तीन-चारशे चिखल्या पक्षी गोळा होतात. सगळ्यांचा रंग वाळूचाच, त्यामुळे पहिल्यांदा गेलेल्या माणसाला तिथे काही बसलंय हेसुद्धा लवकर कळत नाही. मग डोळा सरावतो आणि दुर्बीण डावीकडून उजवीकडे सावकाश फिरायला लागते. मध्येच एखाद्याच्या पायावर नखाएवढा पांढरा किंवा नारिंगी तुकडा चमकतो. हा फ्लॅग. या साठ-सत्तर ग्रॅमच्या जिवाला कुणीतरी कधीतरी हातात धरलं होतं, तोललं होतं, पंख मोजून त्याच्या पायावर एक खूण लावून सोडून दिलं होतं. आता ती खूण वाचणारे तुम्ही. वाचलीत आणि योग्य जागी कळवलीत, तर त्या पक्ष्याच्या आयुष्याची दोन टोकं जुळतात.

हे काम शिकायला पदवी लागत नाही, पण सवयी लागतात. काही सवयी पहिल्या दिवसापासूनच लावून घ्याव्यात, म्हणून हे लिहितोय.

पायावर नेमकं काय असतं

डेन्मार्कच्या हान्स मॉर्टेन्सेन या शिक्षकाने १८९९ साली क्रमांक कोरलेल्या ॲल्युमिनियमच्या रिंगा मैनेच्या जातीच्या पक्ष्यांना घातल्या. या शास्त्राची पद्धतशीर सुरुवात तिथून झाली. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने, म्हणजे बीएनएचएसने, १९५९ पासून सालिम अलींच्या नेतृत्वाखाली स्थलांतराचा मोठा प्रकल्प हाती घेतला आणि तेव्हापासून भारतभर पक्ष्यांना रिंगा लावल्या जाताहेत. बीएनएचएसच्या धातूच्या रिंगेवर मालिकेचं अक्षर आणि क्रमांक असतो, शिवाय संस्थेला कळवा अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असतो. रशियातून आलेल्या पक्ष्याच्या रिंगेवर मॉस्कोचं नाव सापडू शकतं. पण धातूची रिंग लांबून वाचणं फार कठीण. ती बहुतेक वेळा पक्षी पुन्हा पकडला गेला किंवा मेलेला सापडला तरच वाचता येते.

म्हणून रंगीत फ्लॅग आले. प्लास्टिकची छोटी पट्टी पायाभोवती गुंडाळून तिचं एक टोक झेंड्यासारखं बाहेर ठेवतात आणि त्यावर दोन-तीन अक्षरं-अंक कोरलेले असतात. काही पक्ष्यांना कोरे फ्लॅग असतात, काहींना एकाखाली एक असे दोन रंगांचे, तर काहींना नुसत्या रंगीत रिंगांची जुळणी असते. रोहित पक्ष्याच्या लांब पायावर उंच नळीसारखी प्लास्टिकची रिंग असते आणि तिच्यावरचा कोड बहुधा खालून वर वाचायचा असतो.

नवखा माणूस इथे हमखास घाई करतो. नारिंगी फ्लॅग दिसला की इंटरनेटवर शोधतो आणि देश ठरवून मोकळा होतो. पण नारिंगी फ्लॅग ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचाही आहे आणि अर्जेंटिनाचाही. प्रत्येक हवाई मार्गाचा, म्हणजे पक्ष्यांच्या स्थलांतराच्या मोठ्या वाटेचा, रंगांचा करार वेगळा. आपला किनारा मध्य आशियाई हवाई मार्गात येतो आणि त्या मार्गावर तीस देश आहेत. तेव्हा देश ठरवण्याचं काम रिंग लावणाऱ्यांकडे सोपवा. तुमचं काम फक्त दिसलं ते लिहिण्याचं.

तिथी बघा, मग निघा

सप्टेंबरपासून पक्षी यायला लागतात आणि ऑक्टोबर ते मार्च भरपूर असतात. एप्रिलमध्ये काहींच्या छातीवर तांबूस रंग चढतो, तेव्हा ते निघायच्या तयारीत आहेत असं समजा. महिना जमला तरी वेळ चुकली तर हात रिकामेच राहतात, कारण या पक्ष्यांचं घड्याळ म्हणजे भरती-ओहोटी.

ओहोटीला पक्षी मैलभर चिखलात विखुरतात. प्रत्येक जण खाण्यात गुंतलेला, पाय चिखलाने माखलेले आणि तुमच्यापासून अर्धा किलोमीटर दूर. भरती चढू लागली की पाणीच त्यांना ढकलत किनाऱ्याकडे आणतं आणि शेवटी सगळे एखाद्या उंच दांड्यावर, मिठागराच्या बांधावर किंवा कोरड्या पुळणीवर दाटीवाटीने उभे राहतात. पाय वाचायचे ते याच वेळी. भरती पूर्ण होण्याच्या दोन-अडीच तास आधी जागेवर पोचा आणि पक्षी तुमच्याकडे येऊ द्या. आपण त्यांच्याकडे चालत जाण्यापेक्षा हे शंभरपटीने चांगलं.

भरतीची वेळ काढायची आपल्या आजोबांची रीत अजून चालते: तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास पूर्ण भरती. दोन्ही पक्षांत हिशोब तोच. यावरून एक सोयीची गोष्ट निघते. द्वादशी-त्रयोदशीला भरती सकाळी नऊ ते पावणेदहाला होते, म्हणजे सात वाजता जाऊन बसलात की कोवळं ऊन आणि चढतं पाणी दोन्ही एकदम मिळतं. उधाण जवळ आलेलं असल्याने पाणीही बऱ्यापैकी वर येतं. मी महिन्याच्या सुरुवातीलाच भिंतीवरच्या कॅलेंडरात दोन्ही द्वादशींना खूण करून ठेवतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या मागेपुढे, पाणी अर्ध्यावरच थांबतं आणि पक्षी लांबच राहतात.

हा हिशोब ढोबळ आहे. मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती मुंबईच्या आधी येते आणि खाडीत आत गेलात की उशिरा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना जवळच्या बंदराचा भरतीचा तक्ता जवळ ठेवा आणि तुमच्या जागी किती मिनिटांचा फरक पडतो ते वहीत टिपा.

उजेड पाठीशी

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, आणि हा मोठा फायदा. सकाळी सुरूच्या बनाकडे पाठ करून बसलं की सूर्य आपोआप मागे येतो आणि पक्ष्यांचे पाय स्वच्छ उजळतात. संध्याकाळी त्याच जागी सगळे पक्षी काळ्या सावल्या होतात आणि पिवळा, नारिंगी, लाल यांत फरक करता येत नाही. संध्याकाळीच वेळ मिळत असेल तर किनारा सोडा आणि खाडीच्या पश्चिम काठावरून पूर्वेकडे बघा. साडेदहानंतर वाळू तापते, दुर्बिणीतून हवा थरथरताना दिसते आणि अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलतात. त्या वेळी वाचलेल्या कोडवर विश्वास ठेवू नका.

जागा कुठल्या? अलिबागजवळचं आक्षी पक्षीनिरीक्षकांना चांगलं माहीत आहे. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांबरोबर टिवळे आणि तुताऱ्या हे पाणपक्षी मोठ्या संख्येने असतात. तिथल्या अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. दापोली तालुक्यात आंजर्ल्याला जोग नदी समुद्राला मिळते ती जागा, रत्नागिरीजवळ भाट्याची खाडी, तारकर्लीला कर्ली नदीचं मुख, याही चांगल्या. पण घरापासून वीस मिनिटांवरची साधी खाडी तुम्ही वर्षातून वीस वेळा बघणार असाल, तर माझ्या मते ती या सगळ्यांपेक्षा मोलाची. तोच पक्षी पुन्हा पुन्हा त्याच जागी दिसणं ही या कामातली फार महत्त्वाची माहिती असते.

सामान

आठ किंवा दहा पटीची दुर्बीण पक्षी शोधायला पुरते, कोड वाचायला पुरत नाही. त्यासाठी तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप किंवा लांब झूमचा कॅमेरा लागतो. दोन्ही महाग आहेत. दोघा-तिघांनी मिळून एक स्कोप घेतला तर बरं, आणि तोवर झूमचा कॅमेरा असलेल्या मित्राला सोबत न्या. स्कोपच्या नेत्रिकेला मोबाइल लावून व्हिडिओ काढता येतो. फोटोत जे अक्षर वळलेलं दिसतं ते व्हिडिओच्या पुढच्या क्षणात सरळ होतं. वही आणि पेन्सिल घ्याच, दमट हवेत शाईचं पेन दगा देतं. टोपी, पाणी, मळक्या रंगाचे कपडे.

पाय बघायची रीत

मी आंजर्ल्याच्या दांड्यापासून साधारण सत्तर-ऐंशी मीटरवर बसतो. उभा राहत नाही, कारण उभ्या माणसाची आकृती पक्ष्यांना फार दुरून खटकते. जाताना सरळ त्यांच्या दिशेने चालत नाही, तिरका जातो, मध्ये थांबतो. पक्ष्यांनी माना वर केल्या, एका पायावरचे दोन पायांवर आले आणि थव्याच्या कडेचे चालायला लागले की मी एक पाऊलही पुढे टाकत नाही. त्यानंतरचं पाऊल म्हणजे अख्खा थवा हवेत. हजारो किलोमीटर उडून आलेल्या आणि परत जाण्यासाठी चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला आपण फुकट उडवलं तर त्या फ्लॅगच्या नोंदीला काय अर्थ राहिला? कुत्र्याने किंवा दलदली हारिण या शिकारी पक्ष्याने थवा उठवला तर मागे धावू नका. बसून राहिलात तर दहा-पंधरा मिनिटांत बहुतेक वेळा थवा तिथेच परततो.

आता बघणं. थव्याच्या एका टोकापासून सुरुवात करा आणि फक्त पाय बघत पुढे सरका. चोच, पंख, जात, काहीही नाही. हे सुरुवातीला जड जातं, कारण आपल्याला चेहरा बघायची सवय असते. चिखल्या तुरुतुरु धावतो, थबकतो, पुन्हा धावतो. तो थबकतो त्या अर्ध्या सेकंदात पायाची वरची बाजू पोटाच्या पिसांखालून दिसते. फ्लॅग बहुधा तिथेच असतो, आपण ज्याला गुडघा समजतो त्याच्या वर. तो खरा गुडघा नव्हे, घोटा आहे. खरा गुडघा पिसांत झाकलेला असतो. वारा असला तर फार बरं, पोटाची पिसं उडतात आणि झाकलेला फ्लॅग क्षणभर उघडा पडतो.

झोपलेला पक्षी एका पायावर उभा असतो आणि दुसरा पाय पिसांत. त्याला वगळू नका, लक्षात ठेवा आणि परत या. पाय बदलायला त्याला कधी पाच मिनिटं लागतात, कधी पंचवीस. शेवटी थव्यातल्या किती पक्ष्यांचे दोन्ही पाय नीट दिसले तो आकडा लिहा. ‘दोनशे चाळीस चिखल्यांचे पाय पाहिले, रिंग एकही नाही’ ही पूर्ण नोंद आहे. नवखी मुलं ती लिहीतच नाहीत. पण किती पाहिले हे माहीत असेल तरच सापडलेल्या एका फ्लॅगचं वजन कळतं.

डावा कुठला, उजवा कुठला

पक्ष्याचा डावा, तुमचा नव्हे. पक्षी तुमच्याकडे तोंड करून असेल तर त्याचा डावा पाय तुमच्या उजव्या हाताला येतो. इतकी साधी गोष्ट, पण गडबडीत चुकते. म्हणून मी वहीत आधीच दोन उभ्या रेघा काढून ठेवतो, प्रत्येकीवर मध्ये एक आडवी खूण. डावा वर, डावा खाली, उजवा वर, उजवा खाली असे चार कप्पे. प्रत्येक कप्प्यात काहीतरी लिहिल्याशिवाय पान उलटायचं नाही.

आणि इथे एक भेद काटेकोरपणे पाळा: ‘काही नाही’ आणि ‘दिसलं नाही’. पाय स्वच्छ पाहिला आणि तो मोकळा होता तर ‘काही नाही’. पाय पाण्यात किंवा पिसांत होता तर ‘दिसलं नाही’. या दोन शब्दांत पक्षी बदलतो, कारण कोरे फ्लॅग आणि रंगीत रिंगा असलेल्या पक्ष्याची ओळख मोकळ्या पायावरूनही ठरते.

रंगाचंही तसंच. ऊन आणि खारं पाणी यांनी पिवळा फिकट पांढरा होतो, पांढरा चिखलाने पिवळट होतो, गडद हिरवा-निळा-काळा यांत दुरून फरक कळत नाही. अशा वेळी ‘गडद, बहुधा हिरवा, निळा असू शकतो’ असं लिहिण्यात काहीही कमीपणा नाही. कोडमधली अक्षरं रोमन असतात. ती जशी दिसली तशीच रोमन लिपीत उतरवा, अक्षरांचा रंगही लिहा. तीन आणि आठ, पाच आणि एस, शून्य आणि ओ, एच आणि एन या जोड्या फसवतात.

यातल्या शेवटच्या जोडीने मला फसवलं. एका जानेवारीत एका चिखल्याच्या फ्लॅगवरची दोन अक्षरं मला पक्की दिसली आणि तिसरं एच की एन कळेना. खूप थंडीत, खूप वेळ बसून मिळालेला फ्लॅग होता, अर्धवट सोडवेना. एच लिहून पाठवून दिला. उत्तर आलं की तो कोड रेडशँक या वेगळ्याच जातीच्या पक्ष्याला लावलेला आहे. माझ्याकडे फोटो होता आणि त्यात सरळ सरळ चिखल्या होता, म्हणून चूक उघडी पडली आणि दुरुस्त झाली. तो कोड दुसऱ्या एखाद्या चिखल्याचा निघाला असता तर? कदाचित कधीच मेलेल्या पक्ष्याला मी कागदावर जिवंत केलं असतं आणि ते कुणालाही कळलं नसतं. तेव्हापासून जे अक्षर दिसलं नाही तिथे मी प्रश्नचिन्ह टाकतो. दोन अक्षरं आणि एक प्रश्नचिन्ह यांतून जाणकार माणसं अनेकदा पक्षी शोधून काढतात. अंदाजाने भरलेल्या अक्षरातून त्यांना काहीच काढता येत नाही.

नोंद कुठे आणि कशी पाठवायची

त्याच दिवशी पाठवा, आठवण शिळी होऊ देऊ नका. नोंदीत हे हवं: तारीख, वेळ, जागेचं नाव आणि मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश, पक्ष्याची जात, थव्यात अंदाजे किती पक्षी, चार कप्प्यांची माहिती, कोड, वाचनाबद्दल किती खात्री आहे ते, आणि न कापलेला मूळ फोटो. फोटो धूसर असला तरी जोडा.

भारतातल्या रिंगांसाठी बीएनएचएसला कळवा. परदेशी रिंग वाटली तरी त्यांना कळवायला हरकत नाही, ते पुढे पोचवतात. युरोपातल्या धातूच्या रिंगांसाठी युरिंग ही संस्था आहे आणि रंगीत रिंगांचे प्रकल्प शोधायला सीआर-बर्डिंग हे संकेतस्थळ उपयोगी पडतं. पूर्व आशिया-ऑस्ट्रेलिया मार्गावरचा फ्लॅग वाटला तर त्या मार्गाच्या भागीदार संस्थेकडे फ्लॅगच्या रंगांची यादी असते. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकत असाल तर त्या पक्ष्याच्या टिपणीत फ्लॅगची माहिती लिहा, पण तेवढ्यावर थांबू नका. रिंग लावणाऱ्यापर्यंत ती आपोआप जात नाही. एकच नोंद दोन ठिकाणी पाठवली असेल तर दोन्हीकडे तसं सांगा.

उत्तराला वेळ लागतो, कधी दोन दिवस, कधी काही महिने. उत्तरात पक्षी कुठे, कधी पकडला, तेव्हा वय काय होतं हे येतं. नकाशावर दोन ठिपके जोडून सरळ रेषेतलं अंतर काढायचा मोह होतोच. काढा, पण पक्षी त्या रेषेवरून गेला असं म्हणू नका, फ्लॅग फक्त दोन टोकं सांगतो. मधली वाट सांगायला उपग्रह टॅग, म्हणजे पक्ष्याची जागा उपग्रहाद्वारे कळवणारं छोटं यंत्र लागतं. शेपटीवर पट्टे असलेल्या टिवळ्याच्या (बार-टेल्ड गॉडविट) एका पिल्लाने २०२२ मध्ये अलास्काहून टास्मानियापर्यंत ११ दिवसांत न थांबता १३,५६० किलोमीटर अंतर कापलं, हे कळलं ते टॅगमुळे. ठाण्याच्या खाडीतल्या सहा रोहित पक्ष्यांनाही बीएनएचएसने २०२२ मध्ये असे टॅग लावले. पण टॅग महाग, थोड्यांनाच लावता येतो आणि कधीतरी बंद पडतो. फ्लॅग वर्षानुवर्षं चालतो. अर्जेंटिनात १९९५ साली रिंग लावलेला बी ९५ क्रमांकाचा एक नॉट पक्षी २०१४ पर्यंत लोकांना दिसत राहिला. वीस वर्षांहून जास्त जगलेला हा पक्षी जगाला कळला तो किनाऱ्यावर बसून फ्लॅग वाचणाऱ्या माणसांमुळे.

मेलेला पक्षी, आणि किनाऱ्यावरची माणसं

रिंग असलेला मेलेला पक्षी सापडला तर उघड्या हाताने उचलू नका. काठीने पाय सरळ करून रिंगेचे सगळ्या बाजूंनी फोटो घ्या, संपूर्ण क्रमांक उतरवा, वन खात्याला आणि बीएनएचएसला कळवा. जिवंत पक्षी रिंग वाचण्यासाठी कधीही पकडू नका. परवानगीशिवाय पकडणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. अपवाद फक्त जाळ्यात किंवा मांज्यात अडकलेल्याला सोडवण्याचा, आणि तेव्हाही आधी वन खात्याला फोन करा.

किनाऱ्यावर रोज असणाऱ्या माणसांशी बोला. तिसऱ्या म्हणजे शिंपले काढणाऱ्या बायका, पागाचं जाळं टाकणारे, होडीवाले आपल्यापेक्षा दसपट जास्त वेळ तिथे असतात. आंजर्ल्याला एका मावशींनी मला विचारलं, “काय रे, रोज काय बघतोस त्या नळीतून?” मी स्कोप त्यांच्या उंचीला आणून फ्लॅग दाखवला. त्या बराच वेळ डोळा लावून होत्या. “ह्येच्या पायात कडी घातलीय कुणी?” म्हणाल्या आणि पुढच्या आठवड्यात स्वतःहून सांगितलं, “तुझो कडीवालो पल्याड बंधाऱ्याकडं हाय आज.” खरंच होता.

शिवाय दुसरं कारण आहे. मुंबईत मे २०२३ मध्ये पायात रिंगा असलेलं एक कबुतर हेर समजून धरलं गेलं आणि आठ महिन्यांनी सुटलं. ते तैवानचं शर्यतीचं कबुतर निघालं. गावातल्या चार माणसांना या रिंगा कशासाठी असतात ते माहीत असलं तर पक्षी सुखरूप राहतो आणि जाळ्यात सापडलेल्या रिंगेची बातमी तुमच्यापर्यंत येते. २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली ऑलिव्ह रिडले कासवीण २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली, ती गोष्ट मी गावात सांगतो. कासवं आपल्या किनाऱ्यावर सगळ्यांच्या ओळखीची आहेत, त्यामुळे पक्ष्याच्या पायातल्या कडीचं मग वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

शेवटचं, जिवाचं. दांड्यावर बसताना मागे बघत राहा. पुढचं पाणी दिसतं, पण भरती मागच्या ओघळातून आधी भरते आणि परतीची वाट कमरेएवढ्या पाण्यात जाते. खाजणातल्या चिखलात पाय गुडघ्याच्या वर रुतला तर एकट्याने निघणं अवघड. नव्या जागी पहिल्यांदा स्थानिक माणसाला घेऊन जा आणि कोरड्या वाटेने परत फिरायची वेळ वहीच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा.

वही जपा. मार्चमध्ये फ्लॅग वाचलेला चिखल्या मेपर्यंत निघून गेलेला असेल. ऑक्टोबरमधल्या पहिल्या द्वादशीला सात वाजता त्याच दांड्यासमोर, त्याच जागी बसा आणि एका टोकापासून पाय बघायला लागा. तोच कोड पुन्हा दिसला तर ती नोंदही पाठवा, आणि पत्राच्या पहिल्या ओळीत मागच्या नोंदीची तारीख द्या.